पडदा म्हणे अखंड होता

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख मा सर बोटांना गुलाबाच्या वासाचं क्रीम चोळायचे आणि तेच तेलकट हात सरळ मायक्रोस्कोपला लावायचे. बटणांवर, भिंगांवर, सगळीकडे त्यांच्या बोटांचे ठसे. ते पुसायचं काम माझं. मी कंत्राटी संशोधक. पीएचडी माझीही आहे, पण दर हिवाळ्यात माझं कंत्राट वाढवायचं की नाही हे मा सरांच्या मर्जीवर, म्हणून मी पुसायचे आणि मनातल्या मनात शिव्या घालायचे. या गोष्टीत जे जे घडलं त्याची मला किळस आली आणि अजून येते, हे आधीच सांगून टाकते. ज्याला गोड गोड ऐकायचंय त्याने दुसरीकडे बघावं.

आमचं काम तसंही नाजूक नाकाच्या माणसाचं नाही. नख्या असलेले आफ्रिकी बेडूक आम्ही टाक्यांत पाळतो. संध्याकाळी मादीला सुई टोचायची, सकाळी टाकीच्या तळाशी अंड्यांचा खच. प्रत्येक अंड्याभोवती बुळबुळीत चिकट वेष्टन असतं, ते रसायनाने विरघळवायचं. मग सडकी अंडी वेचून काढायची. एखादं जरी राहिलं तरी सगळा माल नासतो. उरलेली नळीत भरून यंत्रात गरागरा फिरवली की ती एकमेकांवर दाबून चिरडतात. वर पिवळी चरबी, खाली काळा गाळ आणि मधे सोनेरी रस. सगळा खटाटोप त्या रसासाठी. बेडकाच्या अंड्याला फळल्याबरोबर घाईघाईने डीएनएच्या नकलांवर नकला काढायच्या असतात, त्याची सगळी तयारी त्या रसात असते.

त्या रसात आम्ही कोंबडीच्या रक्तातली केंद्रकं सोडायचो. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक उरत नाही, कोंबडीच्या पेशीत असतं, पण झोपलेलं. ती पेशी पुन्हा कधी दुभंगत नाही, डीएनएची नक्कल काढत नाही, मरेपर्यंत नुसती रक्तात वाहत राहते. केंद्रकाभोवती एक पडदा असतो. तो अखंड असेल तर बेडकाच्या रसात हवं तेवढं बुडवून ठेवा, केंद्रक ढिम्म. पडद्याला औषधाने बारीक भोकं पाडली, तर मात्र रसातलं जागं करणारं जे काही असतं ते आत शिरतं आणि इतके दिवस निपचित पडलेलं केंद्रक नक्कल काढायला लागतं. हे आम्ही शोधलेलं नाही. आमच्या आधीच्या लोकांनी केव्हाच दाखवून ठेवलंय.

मा सरांना यात जिनसेंग घालायचं होतं.

हसू नका. आमच्या कोरियात जिनसेंग ताकदीचं औषध म्हणून सासूला देतात, साहेबाला देतात, परीक्षेला बसलेल्या पोराच्या घशात ओततात. मा सरांचं म्हणणं असं, की लाल जिनसेंगमधून त्यांनी वेगळा काढलेला एक अर्क पडद्याला धक्का न लावता, पडदा अखंड ठेवून, झोपलेल्या केंद्रकाला जागं करतो. म्हणजे म्हाताऱ्या पेशींना तारुण्य! इथल्या पेपरात त्यांचा फोटोही आला होता, हातात जिनसेंगचं मूळ धरून, तान्ह्या बाळाकडे बघावं तसे त्याच्याकडे बघताना. तो पेपर मी बेडकांच्या टाकीखाली पाणी टिपायला घातला.

हे सिद्ध करून दाखवायचं काम ग्यूवनचं होतं. ग्यूवन आमच्याकडची पीएचडीची मुलगी. मला ती ऑन्नी म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. आई एका लहान गावात कुट्टूच्या पिठाच्या शेवयांचं दुकान चालवते, बाप नाही. आमच्या संस्थेचा नियम असा, की नावावर एक शोधनिबंध छापून आल्याशिवाय पदवी नाही, आणि ग्यूवनची मुदत येत्या फेब्रुवारीत संपणार होती. तोवर निबंध आला तर डॉक्टर, नाही तर इतकी वर्षं पाण्यात.

सगळा वसंत ती पोरगी जिनसेंग घालून बघत होती. कमी घालून बघितलं, जास्त घालून बघितलं. नक्कल निघाली की केंद्रकात लाल ठिपके चमकतात, अशी आमची खूण. एक ठिपका दिसेल तर शपथ.

"ताजं रक्त, रोज ताजं रक्त, काय देवीला वाहायचंय का?" मा सर वैतागले. "एकदाच भरपूर केंद्रकं काढा, गोठवून ठेवा. लागतील तशी वितळवून घ्या. वेळ वाचेल."

गोठवली. आणि जिनसेंग लागू पडलं! पुढच्या आठवड्यात भिंगाखाली लालच लाल. मा सरांनी सगळ्या प्रयोगशाळेला कलिंगड कापून खायला घातलं. प्योंगहो नावाचा एक लाळघोट्या मुलगा आहे आमच्याकडे, तो तर "सर, हे स्टॉकहोमला जाणार, नोबेलला" असं म्हणाला. मी माझी फोड बेसिनमध्ये टाकली.

ग्यूवन मात्र पुन्हा मायक्रोस्कोपपाशी जाऊन बसली. दोन दिवसांनी ती मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली.

"ऑन्नी, जरा बघ."

तिने एक तपासणी केली होती. एक हिरवं चमकणारं प्रथिन असतं, आकाराने इतकं मोठं की अखंड पडद्यातून त्याला आत जाता येत नाही. रसात ते घातलं की सगळीकडे हिरवं दिसतं, आणि धड केंद्रक असेल तिथे काळी गोल टिकली. मी भिंगाला डोळा लावला. काळं कुठेच नव्हतं. हिरवं सगळ्या केंद्रकांच्या आत शिरलं होतं.

"फाटलेत," मी म्हटलं.

"सगळे. गोठवताना फाटले. आणि ऐक, जिनसेंग न घालताही केंद्रकं जागी होतात. तितकीच लाल. मी काल ताज्या रक्तातली घेऊन बघितली, जिनसेंग घालून. काळ्या टिकल्या. लाल एकही नाही."

"सरांना सांगितलंस?"

"आत्ता जातेय. तू ये ना बरोबर."

मी गेले. मा सर खुर्चीत रेलून क्रीम चोळत होते. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मायेने विचारलं, "बाळ, ही तपासणी मी सांगितली होती का?"

"नाही, सर."

"मग ती झालीच नाही."

"पण सर, जिनसेंगशिवायही..."

"ते चित्र तुझ्याकडे मागितलंय कोणी? जिनसेंग घातलं, केंद्रकं जागी झाली. खोटं आहे का यात काही? सांग ना, खोटं आहे?"

"पडदा अखंड आहे असं लिहिलंय आपण."

"आपण काढली तेव्हा अखंडच होती की." मग माझ्याकडे वळून, "ओकह्वा, या मुलीला झोप मिळत नाही वाटतं. तुम्ही लक्ष ठेवत जा. फेब्रुवारी फार लांब नाही."

चोर चोरी करतो तेव्हा त्याला निदान इकडेतिकडे बघावं लागतं. हा माणूस खोटं बोलताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होता.

आणि मग सुरू झाली चित्रांची हाव. निबंध छापणाऱ्या मासिकाला चित्रं भरपूर हवीत, म्हणजे रस भरपूर हवा, म्हणजे अंडी भरपूर हवीत. एकदा अंडी घातलेल्या मादीला काही महिने विश्रांती द्यावी लागते. मा सरांनी त्याच माद्यांना पुन्हा टोचायला लावलं. पुन्हा आणि पुन्हा. अंडी पांढरी, फुगलेली, दोऱ्यासारखी एकमेकांना चिकटून पडायला लागली. माद्या पोट फुगून पाण्यावर तरंगायच्या, पाय ताणलेले, कातडी सुटलेली. हातमोजे घालून त्यांना बाहेर काढताना माझ्या बोटांत त्यांची कातडी सरकायची. मी जाऊन म्हटलं, सर, हे बंद करा. ते म्हणाले, "ओकह्वा, तुम्ही बेडकांच्या युनियनच्या अध्यक्ष कधीपासून झालात?" प्योंगहो खो खो हसला.

निबंध गेला. पहिलं नाव ग्यूवनचं. तिने सही केली का, असं मी विचारलं नाही. सही मा सरांच्या संगणकावर आधीपासूनच ठेवलेली असते.

शरद ऋतूत आमच्याकडे प्राण्यांचं श्राद्ध असतं. दुसरा शब्द मला सुचत नाही. प्राणिगृहामागे एक मोठा दगड उभा केलाय, वर्षभरात प्रयोगांत मेलेल्या जनावरांच्या आत्म्यांसाठी. त्याच्यासमोर टेबल मांडतात. फळं, वाफवलेली पिठाची वडी, तांदळाची दारू. सशांसाठी गाजरं, उंदरांसाठी दाणे, बेडकांसाठी त्यांच्या खाद्याच्या गोळ्या, बशीत नीट रचून. पांढरी शेवंती वाहायची. आणि एका विद्यार्थ्याने पुढे होऊन मेलेल्यांना उद्देशून निवेदन वाचायचं: आम्ही तुमचा जीव घेतला, त्यातून हे हे कळलं, शांत झोपा. डिरेक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे येतात. एरवी उंदराची मान मोडताना ज्यांची पापणी लवत नाही तेसुद्धा त्या दगडापुढे खालच्या आवाजात बोलतात.

या वर्षी वाचायचा मान आमच्या प्रयोगशाळेचा होता. मा सरांनी ग्यूवनचं नाव दिलं आणि निवेदन स्वतः लिहून दिलं. तिथे डिरेक्टर थाक असणार होते, आणि मा सरांना जिनसेंग त्यांच्या कानावर घालायचं होतं. श्राद्धाच्या निवेदनात जाहिरात! मला वाटलं होतं, या माणसाची मला आणखी किळस येणं शक्य नाही. माझा अंदाज चुकला.

आदल्या दिवशी दुपारी ग्यूवन टाक्यांजवळ येऊन उभी राहिली. मी पाणी बदलत होते.

"ऑन्नी, मासिकाला खोटं लिहिलं, ठीक आहे. ठीक नाही, पण ते लोक तिथे नव्हते. त्यांना काय कळतंय."

"मग?"

"यांना कळणार ना. हे तिथेच होते. यांच्याच अंड्यांतून मी ते पाहिलंय. यांच्या तोंडावर कसं वाचू, की पडदा अखंड होता?"

"आजारी पड. मी सांगते ताप आलाय म्हणून."

"मग प्योंगहो वाचेल."

तेही खरंच होतं. मी पाण्याची नळी बंद केली. वाच म्हटलं असतं तर मला माझीच शिसारी आली असती, आणि वाचू नको म्हणायला फेब्रुवारी माझा नव्हता, तिचा होता.

दुसऱ्या दिवशी ऊन छान होतं. सगळे काळ्या कपड्यांत. डिरेक्टर थाक पुढच्या खुर्चीवर, मा सर त्यांच्या शेजारी, चेहरा दुःखाने अगदी इस्त्री केलेला. ग्यूवन पुढे गेली, वाकली, कागद उघडला. आवाज स्वच्छ होता. "या वर्षी आम्हाला आपले प्राण दिलेल्या सर्व जिवांनो" वगैरे झालं. उंदीर झाले, ससे झाले. मग बेडूक आले.

"बेडकांनो, तुमच्या अंड्यांच्या रसात, अखंड पडद्याआड झोपलेली..."

ती थांबली. वाऱ्याने शेवंतीभोवतीचा कागद वाजत होता. पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, "अखंड पडद्याआड", आणि पुन्हा थांबली. मग तिने कागद खाली केला आणि बशीतल्या गोळ्यांकडे बघत म्हणाली, "असं नाही झालं. माफ करा. तुम्ही उगाच मेलात. असं नाही झालं..." आणि तिचा आवाज चिरकला.

वाटलं, आता उठतील. कोणीतरी विचारेल, म्हणजे काय झालं?

कोणी उठलं नाही. डिरेक्टर थाकांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे टिपले. मागून एका बाईचा हुंदका आला. मा सर हळूच उठले, ग्यूवनच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं. जिथे थांबली तिथून, एक अक्षर न गाळता. अखंड पडदा, लाल जिनसेंग, मानवजात, सगळं. शेवटी त्यांचाही आवाज कातर झाला. त्यांनी दगडापुढे दारू ओतली आणि कमरेतून वाकले. मेलेल्यांनासुद्धा त्यांनी फसवलं.

नंतर लोक ग्यूवनला येऊन भेटत होते. किती हळवी मुलगी! अशी मनं राहिली नाहीत हल्ली! संशोधकाला असंच काळीज हवं! तिने सत्य सांगितलं होतं आणि या लोकांनी त्याचं सांत्वन केलं होतं. ती प्रत्येकाला काही सांगायला तोंड उघडायची आणि समोरचा तिचे हात दाबून पुढे जायचा.

संध्याकाळी जेवण होतं. आमच्या गांगवन प्रांतात बाहेरचं जेवण म्हणजे तिखट कोंबडी, टेबलाच्या मधोमध मोठा तवा, त्यात लाल मसाल्यातले तुकडे, कोबी, रताळी. प्राण्यांच्या श्राद्धानंतर कोंबडी! आमच्याकडे हे कोणालाच विचित्र वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही वाटलं नव्हतं. बूट काढून आम्ही जमिनीवरच्या उशांवर बसलो. डिरेक्टर थाक मधे, मा सर उजवीकडे, ग्यूवनला मुद्दाम समोर बसवलेलं. प्योंगहो दोन्ही हातांनी बाटली धरून सगळ्यांचे पेले भरत होता.

"मा, मुलगी हिरा आहे तुमची," डिरेक्टर म्हणाले. ओठांवर मसाल्याचं तेल चकाकत होतं.

"फार मनाला लावून घेते, साहेब. बेडूक मेला की हिचा चेहरा बघवत नाही." मा सरांनी तव्यातला एक मोठा तुकडा उचलला, स्वतःच्याच जेवायच्या काड्यांनी, आणि तिच्या वाटीत ठेवला. "खा, खा. खूप रडलीस आज. निबंध गेलाय, फेब्रुवारीत डॉक्टर होशील. आता नीट खायचं, नीट झोपायचं. काय?"

सगळे हसले, मायेने. त्या तुकड्यावर मा सरांच्या काड्यांची तेलकट खूण होती. आता तिने एवढंच करायचं होतं: तो तुकडा तोंडात घालायचा, थँक यू म्हणायचं, चावायचा. मग ती हळवी मुलगी, आणि फेब्रुवारीत डॉक्टर.

ग्यूवनने काड्या खाली ठेवल्या.

"मी रडले नाही, सर. म्हणजे रडण्यासाठी नाही बोलले. पडदा फाटलेला होता."

"झालं हिचं सुरू," प्योंगहो म्हणाला.

"कसला पडदा?" डिरेक्टर चावायचे थांबले.

"केंद्रकाचा, साहेब. आम्ही ती गोठवली होती. गोठवताना पडदे फाटतात. फाटलेल्या पडद्यातून बेडकाचा रस आपोआप आत जातो आणि केंद्रक जागं होतं. जिनसेंगचा काही संबंध नाही. ताज्या केंद्रकांवर जिनसेंग काहीच करत नाही. मी सरांना दाखवलंय. निबंधात खोटं लिहिलंय, आणि पहिलं नाव माझं आहे, म्हणून मी सांगतेय. तिथे दगडापुढे हेच सांगत होते."

तिचे डोळे कोरडे होते. शब्द एकेक करून, परीक्षेत उत्तर द्यावं तसे.

मा सर हसले. "साहेब, मी म्हटलं नव्हतं, पोरीवर ताण आलाय. तपासणी वगैरे काही झालेलीच नाही. हिने कोणाला काय दाखवलं, देव जाणे."

"मला दाखवलं," मी म्हटलं. "मी पाहिलंय. हिरवं आत शिरलं होतं. सगळ्यांत. एकही काळी टिकली नव्हती."

मा सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पुढच्या वर्षीचं कंत्राट त्या नजरेतच संपलं, ते मला नीट दिसलं. तरी मला बरं वाटलं. बरेच महिने घशात अडकलेलं काहीतरी बाहेर थुंकल्यासारखं.

डिरेक्टर थाकांनी तोंडातला घास गिळला. रुमालाने ओठ पुसले, तोच सकाळचा रुमाल. सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं. ते काय बोलणार, एवढीच आता गोष्ट उरली होती.

"मा, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे," ते म्हणाले. "घरातच मिटवा. जेवणाच्या टेबलावर असलं काही आणू नये." आणि ग्यूवनकडे न बघता, "ज्या मुलीचं आपल्या गुरूशी पटत नाही, तिने आपली जागा दुसरीकडे शोधावी. सगळ्यांच्याच सोयीचं असतं ते."

मग प्योंगहो गुडघ्यांवर उठून म्हणाला, "साहेब, भात परतायला सांगू? तव्याला मसाला छान लागलाय."

डिरेक्टरांनी मान डोलावली. सगळ्यांच्या काड्या पुन्हा तव्याकडे वळल्या. कोणी म्हणालं चीज घाला, कोणी म्हणालं नको. मा सरांनी ग्यूवनच्या वाटीतला तो तुकडा उचलला आणि स्वतः खाल्ला.

ग्यूवन उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, अगदी रीतसर, आणि बाहेर गेली. मीही उठले. नमस्कार मी केला नाही.

ती दाराजवळच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. आतून तव्यावर उलथनं खरवडल्याचा आवाज येत होता.

"ऑन्नी, पदवी गेली का?"

समजूत घालायचे चार शब्द माझ्या ओठावर आले होते. दिवसभर ऐकलेल्या सांत्वनांसारखेच होते ते. मी ते गिळले.

"गेली," मी म्हटलं.

तिने मान हलवली. दुसऱ्या बुटाची नाडी ओढली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"आईने बॅनर छापून आणलाय," ती म्हणाली. "गावात रस्त्यावर लावायला. डॉक्टर ग्यूवन म्हणून. फेब्रुवारीपर्यंत मला कळू द्यायचं नाही म्हणून दुकानातल्या पिठाच्या पोत्यांमागे ठेवलाय. मी गेल्या खेपेला गेले तेव्हा पाहिला."

"मोठा आहे?"

"रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल इतका," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे त्या दिवसात पहिल्यांदा ती रडली.